लुंग एमच्या दारातला भोंगा

एम्रिस प्यू या माणसाला मी अकरा वर्षं ओळखते, आणि त्यातली निदान नऊ वर्षं मी कुठल्या ना कुठल्या कारणानं त्याच्यावर वैतागलेली असते. माणूस वाईट नाही. वाईट असता तर एकदाच भांडून मोकळी झाले असते.

तो वेल्सचा. बायको ग्लेनिस, तीही तिथलीच. तिकडे पोलादाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं घंटा आणि भोंगे ऐकत त्यानं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर कानात कायमची शीळ वाजायला लागली, म्हणून शांत जागा शोधत दोघं थायलंडात, आमच्या चोमथोंगला आली. गल्लीच्या अगदी टोकाचं, लोंगन फळांच्या बागेला लागून असलेलं घर त्यांनी भाड्यानं घेतलं. घर बघायला आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दुपारी दोन वाजता आमच्या गावात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे, किती शांत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्यांना कळलं की कुंपणाला चिकटून विजेचा खांब आहे आणि खांबावर गावाचा भोंगा आहे.

आमचे गावप्रमुख प्रयोंग यांना स्वतःच्या आवाजाचं भारी कौतुक. रोज सहाला आधी दोन गाणी, मग घसा खाकरणं, मग बातम्या. कुत्र्यांना लस कधी टोचणार, देवळाची सफाई कुणी करायची, कुणाची गाय सुटली, कोण वारलं, किल्ल्यांचा जुडगा कुणाला सापडला. आम्ही जन्मापासून ते ऐकत दात घासतो. एम्रिस मात्र पहिल्या दिवशी पलंगावरून उठून थेट अंगणात आला होता, चड्डीवर.

गावानं हळूहळू त्याला काकाचा मान दिला आणि तो लुंग एम झाला. ग्लेनिस झाली पा ग्लेन, म्हणजे मावशी. भोंग्याबद्दल तक्रार करायला लुंग एम पहिल्यांदा प्रयोंगकडे गेला तो स्वतः भाजलेला पाव घेऊन. प्रयोंगनी पाव ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता भोंग्यावरून साऱ्या गावाला सांगितलं की लुंग एम यांनी प्रेमानं पाव दिला, त्यांचे आभार. दोनदा सांगितलं.

या जोडप्याची आणखी एक गंमत म्हणजे त्यांचा शनिवार-रविवार. आठवडाभर दोघांना काडीचं काम नाही, पण सुट्टी मात्र अशी कडक पाळतात की बघत राहावं. शुक्रवारी संध्याकाळी दोघांचे फोन बंद होऊन तांदळाच्या डब्यात जातात, ते सोमवारीच बाहेर निघतात. शनिवारी सकाळी साडेसातला पिकअप माझ्या दुकानापुढे थांबते. बर्फाच्या दोन पिशव्या घ्यायच्या, डॉय ताओच्या तळ्यावर जायचं, तिथे तराफ्यावर बसून तळलेला मासा खायचा आणि चारच्या सुमाराला परत. रविवारी पाव भाजायचा. त्यातला अर्धा माझ्या घरी येतो आणि आम्ही तो दोन दिवस रश्श्यात भिजवून संपवतो. मग इतर फरांग, म्हणजे गोऱ्या परदेशी मंडळींबरोबर जेवण, आणि जेवताना प्रयोंगच्या नावानं खडे फोडणं. सोमवारी लुंग एम पुन्हा रिकामा.

माझं दुकान गल्लीच्या तोंडाशी. सकाळी शेवयांचा रस्सा, दिवसभर बर्फ, अंडी, साबण. दाराशी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत माझे वडील बसायचे. खामपन त्यांचं नाव, वय ब्याऐंशी. शनिवारी पिकअप थांबली की पा ग्लेन बर्फ घेईपर्यंत लुंग एम बाबांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसायचा. दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. रस्त्याकडे बघायचे. मला वाटायचं, बरं आहे, दोघांनाही विरंगुळा.

बाबांना चार वर्षांपासून विसर पडत होता. आधी नावं गेली, मग दिवस गेले. एक गोष्ट मात्र पक्की राहिली. रोज दुपारनंतर ते माझ्या बाहीला धरून म्हणायचे, "तोंग, मला घरी ने." त्यांचं घर म्हणजे बान वांग. मोठं धरण झालं तेव्हा ते गाव डॉय ताओच्या तळ्याखाली गेलं. बाबा त्या वेळी विशीत होते. साठ वर्षं झाली त्याला. मी म्हणायची, "उद्या जाऊ हं बाबा." उद्यापर्यंत ते विसरलेले असायचे, आणि दुपारी पुन्हा माझी बाही.

हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मी आणि माझा धाकटा भाऊ थाविन, दोघांनी ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं, ऐकू कमी येतं. ज्या माणसानं या गावातल्या अर्ध्या घरांची लाकडं कापून उभी केली, त्याच्याशी लोकांनी तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोललेलं मला सहन झालं नसतं. लुंग एमलाही मी तेच सांगितलं होतं. कान वाईट.

आता त्या शनिवारकडे येते.

पावसाळा नुकताच सरला होता. पहाटे पाचला मी रश्श्याचं पातेलं चढवायला उठले आणि बाबांची गादी रिकामी दिसली. मागचं दार उघडं. चपला नाहीत. मी थाविनला हाक मारली. त्यानं बॅटरी घेतली आणि कालव्याकडे धावला, कारण बाबा एकटे निघाले की नेहमी कालव्याकडेच जायचे. कालवा काठोकाठ भरून वाहत होता. मी देवळाकडे गेले. तिथे नव्हते. मग मी प्रयोंगच्या दारावर दोन्ही हातांनी बडवलं.

"किती वेळ झाला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. रात्री झोपताना होते."

"आणि ऐकू येत नाही ना त्यांना? हाका मारून उपयोग नाही."

मी म्हणाले, "ऐकू येतं. चांगलं येतं. त्यांच्या लक्षात राहत नाही काही." चार वर्षांत पहिल्यांदा मी हे तोंडातून काढलं. प्रयोंग थेट माइककडे गेले.

त्या दिवशी गाणी लागली नाहीत. सहाला भोंगा सुरू झाला तो थेट बाबांच्या नावानं. खामपन आजोबा, निळा शेतकरी सदरा, काळी विजार, पांढरे बारीक केस, स्मृती गेलेली आहे, दिसल्यास जागेवर बसवून ठेवा आणि कळवा. साडेसहाला पुन्हा. सातला पुन्हा. गावाच्या सगळ्या खांबांवरून. सातपर्यंत पन्नासेक माणसं गोळा झाली होती. प्रयोंगनी वाटण्या केल्या. एक गट कालव्याला, एक बाजाराला, एक बसथांब्याला.

"लोंगनच्या बागेकडे कोण जातंय?" कुणीतरी विचारलं.

आणि मी म्हणाले, "तिकडे नको. तिकडे लुंग एमच्या दारातच भोंगा आहे. तिकडे गेले असते तर एव्हाना त्यानं आणून सोडलं असतं. वेळ कालव्याला द्या."

माझे शब्द आहेत हे. कुणाच्या माथी मारता येत नाहीत.

मी त्याला फोनही लावला. बंद. शनिवार. तांदळाच्या डब्यात.

दुपारी बचाव पथकाची माणसं रबरी होडी घेऊन आली. कालव्याच्या पुलावरून गळ टाकायला लागली. लोखंडाचे चार काटे असलेले गळ, दोरीला बांधलेले. टाकायचे, ओढायचे. प्रत्येक वेळी दोरी जड लागली की सगळे गप्प व्हायचे, आणि वर यायची फांदी, नाहीतर खताचं पोतं. थाविन गळ्यापर्यंत पाण्यात. त्याचे ओठ निळे पडले होते तरी तो बाहेर येईना. बायका माझ्या हाताला धरून बसल्या होत्या, त्यांतली एक हळू आवाजात मंत्र म्हणत होती. मला तिचं तोंड दाबावंसं वाटत होतं. मेलेल्या माणसासाठी म्हणतात तसा सूर होता तो.

चारच्या सुमाराला पथकाच्या माणसाला बाबांचा फोटो हवा होता म्हणून मी दुकानात आले. शटर अर्धं वर केलं आणि मागे पिकअप थांबली.

लुंग एम उतरला. उन्हानं नाक लाल, चेहऱ्यावर हसू. हातात केळीच्या पानातलं पुडकं. तळलेला मासा. मागून पा ग्लेन.

"तोंग! सकाळी दुकान बंद. तू आजारी?" त्याचं आमच्या भाषेतलं बोलणं असंच आहे, अकरा वर्षांत सुधारलेलं नाही. "हा मासा तुझा. बाबांच्या गावचा मासा!"

मला आधी कळलंच नाही. मी फोटो शोधत होते.

"बाबा घरी पोचले," तो म्हणाला. "खूश. खूप खूश."

"काय?"

"बाबा. घरी."

"कुठल्या घरी?"

पा ग्लेनचं हसू माझा चेहरा बघून मावळलं. तिनं नवऱ्याच्या दंडाला धरलं. "तळ्यावर," ती म्हणाली. "सकाळी आमच्या फाटकाशी बसले होते. म्हणाले, मला बान वांगला जायचंय, भाऊ वाट बघतोय. उद्या भावाबरोबर परत येतो म्हणाले. आम्ही तुला सांगायला थांबलो होतो, तोंग. शटर खाली होतं."

"पण भोंगा? तीनदा सांगितलं! दिवसभर सांगतायत! तुमच्या दारात भोंगा आहे!"

लुंग एमचा चेहरा पांढरा पडला. मी तो विषय तिथेच सोडला, कारण दुसरा प्रश्न मोठा होता. "कुठे सोडलंत? काठावर?"

"खाली वाट जाते. दोन घरं दिसली. बाबा वाट ओळखले. हात केला मला."

"काठावर सोडलंत का?"

"हो," तो म्हणाला.

बान वांगला घर नाही. बान वांगला गाव नाही. बाबांचा भाऊ तीस वर्षांपूर्वी गेला. त्या वाटेच्या टोकाला पाणी आहे, आणि या दिवसांत ते पाणी तुडुंब असतं. माझे वडील त्या पाण्याकडे घर म्हणून चालत गेले होते. सकाळी नऊ वाजता.

पा ग्लेन पुलाकडे पळाली, गळ थांबवायला सांगायला. पासष्टीची बाई, सँडल हातात घेऊन पळाली. थाविन ओल्या कपड्यांनी येऊन पिकअपच्या मागच्या भागात चढला. मी पुढे बसले. प्रयोंगनी डॉय ताओच्या ठाण्याला फोन केला, तिकडून उत्तर आलं की माणूस पाठवतो. सव्वा तासाची वाट. सूर्य बुडायला पावणेदोन तास.

लुंग एम गाडी नेहमी सांभाळून चालवतो. त्या दिवशी त्यानं वाटेतल्या होत गावच्या वळणावर ट्रकला अशी बगल दिली की मागून थाविन ओरडला. अर्ध्या वाटेवर त्यानंच तोंड उघडलं.

"तोंग. मी भोंगा उशी."

"काय?"

"काल. सगळे देवळात. मी शिडी. ग्लेनची जुनी उशी, भोंग्यात. वर काळं प्लास्टिक." त्यानं स्टिअरिंगवरचा हात उचलून शपथ घेतल्यासारखा गळ्याशी नेला. "फक्त शनिवार, रविवार. सोमवारी काढणार होतो."

अकरा वर्षांचा वैताग, आणि दिवसभराची भीती, सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं. मी त्याला जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. मोठ्या माणसाला, काका म्हणतो त्या माणसाला, असं बोलायची आमच्यात रीत नाही. त्यातलं एवढंच सांगते, की मी म्हणाले, तुमच्या झोपेपायी माझा बाप मेला. तो पुढे बघून गाडी चालवत राहिला. त्याला मारावंसं वाटत होतं, पण मारायचं तर गाडी थांबवावी लागली असती आणि तेवढा वेळ नव्हता.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तू सांगितलं, बाबा कान वाईट."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी पण कान वाईट. मला वाटलं, म्हणून बाबा बोलत नाहीत. आम्ही दोघं सारखे. मित्र." मग म्हणाला, "आज गाडीत बाबा खूप बोलले. मी सगळं समजलो नाही. पण बोलले. पूर्ण रस्ता."

माझ्याशी बाबा चार वर्षांत एवढंच बोलत होते, तोंग, मला घरी ने. काय बोलले असतील सव्वा तास? मला विचारायचं होतं. रागापायी विचारलं नाही.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. त्यानं जिथे बाबांना उतरवलं होतं तिथेच गाडी लावली. वाट खाली उतरत होती, दोन्ही बाजूंना गवत. ती दोन घरं म्हणजे मासेमारांच्या झोपड्या निघाल्या. दोन्हींना कुलूप. पोलीस कुठे दिसेनात. तराफ्यावरची खाणावळ डावीकडे बरीच लांब, तिथले दिवे नुकते लागत होते. थाविन "बाबा!" म्हणून ओरडत उजवीकडे काठाकाठानं पळाला. लुंग एम डावीकडे. मी सरळ खाली उतरले.

वाट पाण्यात जात होती. म्हणजे खरंच, वाट संपत नव्हती, ती तशीच पाण्याखाली पुढे गेलेली दिसत होती, हातभर. आणि जिथे पाणी सुरू होत होतं तिथे बाबांच्या चपला होत्या.

नीट ठेवलेल्या. जोडीनं, बोटं पाण्याकडे, टाचा आमच्याकडे. घरात शिरताना पायरीखाली काढून ठेवतो तशा.

मी खाली बसले. ओरडले की नाही आठवत नाही, पण दोघं दोन्हीकडून धावत आले. थाविननं चपला पाहिल्या आणि सदरा काढायला लागला. लुंग एम त्याच्याही आधी पाण्यात शिरला होता. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, बुटांसकट. छातीपर्यंत गेला, हातांनी पाणी चाचपत. बुडी मारली, वर आला, पुन्हा मारली. थाविन ओरडत होता, "लुंग, बाहेर या, तिथे खोल आहे!" तो ऐकत नव्हता. कान वाईट.

मी चपला मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ते घरी गेले. मी नेलं नाही, म्हणून ते आपले आपण गेले.

खाणावळीच्या बाजूनं एक बाई काठानं येत होती, कमरेला ओला पदर, हातात मडकं. ती लांबूनच ओरडली, "अहो, कोण बुडालं?"

"म्हातारा माणूस!" थाविन ओरडला. "निळा सदरा!"

"निळा सदरा? तो कशाला बुडतोय? माझ्या नवऱ्याबरोबर गेलाय होडीतून!"

मला तिचं बोलणं ऐकू आलं पण आत शिरेना. ती जवळ आली. सेंग तिचं नाव, त्या झोपडीतली. म्हणाली, म्हातारबाबा दुपारपर्यंत काठाशी बसून होते, तिनं भात दिला तो खाल्ला, आणि एकच धरून बसले, मला बान वांगला सोड. नवऱ्याला जाळी काढायला त्याच बाजूला जायचं होतं. तो म्हणाला, चला आजोबा, दाखवा तुमचं गाव. "चपला घाला म्हटलं, होडीत काटे असतात माशांचे. तर मलाच रागावले. म्हणे, घरात चपला घालून कोण जातं?"

"पोलीस आले नाहीत का इकडे?"

"पोलीस? नाही बाई. ते मोठ्या धक्क्यावर विचारत असतील."

थाविन काठावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. लुंग एम अजून पाण्यातच होता. त्याला काही कळलं नव्हतं. मी उठून पाण्यात गेले, त्याची बाही धरली आणि ओढली. "आहेत," मी म्हणाले. "होडीत. आहेत." तो माझ्याकडे बघत राहिला, केसांतून पाणी गळत होतं, आणि दात वाजत होते.

पण होडी दिसत नव्हती. ऊन गेलं. पलीकडचे डोंगर काळे झाले. अर्धा तास आम्ही चौघं पाण्याकडे बघत उभे होतो. म्हातारा माणूस, लक्षात काही न राहणारा, अरुंद होडीत. मध्येच उभा राहिला तर? घर दिसलं म्हणून पाय बाहेर टाकला तर? सेंगलाही आता काळजी वाटायला लागली होती. ती सारखी म्हणत होती, "एवढ्यात यायला हवेत."

मग इंजिनाचा आवाज आला.

बाबा होडीच्या पुढच्या टोकाला ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. सदरा कोरडा होता. होडी वाळूला लागली आणि सेंगच्या नवऱ्यानं त्यांना हात देऊन उतरवलं. तो आम्हाला म्हणाला, "मी थट्टेवारी नेत होतो हो. पण यांनी वाट दाखवली. तो डोंगर आणि तो सुळका एका रेषेत येऊ दे म्हणाले, मग डावीकडे. इंजिन बंद करायला लावलं. म्हणाले, हे आमचं अंगण. बारा वाव पाणी आहे तिथे. भाताचा घास काढला खिशातून, पाण्यात सोडला आईसाठी, आणि बराच वेळ बसून राहिले. मला हाक मारवेना."

मी बाबांच्या पायाशी बसून चपला घालायला लागले. ते माझ्याकडे बघून कडाडले, "तोंग! तू इथं काय करतेस? दुकान कोण बघतंय?"

चार वर्षांत ते मला दुकानावरून रागावले नव्हते. दुकान आहे हे त्यांना आठवत नव्हतं.

"बाबा, किती शोधलं तुम्हाला! सांगून जायचं ना!"

"सांगून?" ते म्हणाले. "तुला रोज सांगतो. रोज तू उद्या म्हणतेस." मग त्यांनी लुंग एमकडे बोट केलं. तो भिजलेला, थरथरत, मान खाली घालून लांब उभा होता, जवळ यायची हिंमत नसलेला. "याला एकदा सांगितलं. यानं आणलं."

थाविननं तोंड फिरवलं. मी चपलेचा पट्टा धरून तशीच बसून राहिले. मला वाटत होतं की त्यांना काही आठवत नाही. माझं उद्या त्यांनी मोजून ठेवलं होतं.

परत येताना बाबा मध्ये बसले आणि लगेच झोपले, डोकं लुंग एमच्या ओल्या खांद्यावर. त्यानं सव्वा तास तो खांदा हलवला नाही, गिअर बदलतानाही नाही. माशाचं पुडकं गाडीतच राहिलं होतं. थंड झालेलं. मी ते उघडलं, सकाळपासून पोटात काही नव्हतं. पहिला तुकडा मी त्याच्यापुढे धरला. माफी मागायचं मला जमत नाही. त्यानं तोंड उघडलं आणि खाल्ला.

रविवारी सकाळी सहा वाजता भोंग्यावर गाणी लागली नाहीत. प्रयोंगनी सांगितलं, खामपन आजोबा सुखरूप आहेत, आणि लुंग एम यांना काही बोलायचं आहे. ही शिक्षा प्रयोंगनीच ठरवलेली. मग त्याचा आवाज आला, साऱ्या गावावर, साऱ्या खांबांवरून. "मी एम्रिस. मी भोंगा उशी घातली. मी चूक. मी माफी." थोडं थांबून, "उशी काढली." गल्लीत कुणी हसलं नाही. प्रयोंगनी मागून घसा खाकरला आणि कुत्र्यांच्या लसीची तारीख सांगितली.

मला मात्र भोंग्यावर कुणी बोलावलं नाही. बागेकडे जाऊ नका असं कोण म्हणालं होतं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणी काढलं नाही ते.

त्या दुपारी बाबा खुर्चीतून उठले आणि माझी बाही धरली. आदल्या दिवसाचं काहीच उरलं नव्हतं, तळं नाही, होडी नाही, माझ्यावरचा राग नाही. डोळे नेहमीसारखे, जरा घाबरलेले.

"तोंग, मला घरी ने."

तोंडात उद्या आलंच होतं. मी ते गिळलं. रस्त्यापलीकडून पा ग्लेन अर्धा पाव घेऊन येत होती, तिला मी ओरडून विचारलं, "पा ग्लेन, पुढच्या वेळी गाडीत आम्हा दोघांना जागा आहे का?"

ती थांबली. हो म्हणून मान डोलावली.

"शनिवारी जाऊ, बाबा," मी म्हणाले. "साडेसातला."

त्यांनी बाही सोडली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. त्यांना ते रोजच्यासारखंच वाटलं असणार. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खरं सांगितलं होतं.